किरकोळ गुन्हे आणि कोर्टाआधीचे दरवाजे: शहर समितीवरच्या एका सदस्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात कौन्सिलने मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांची व्यवस्था सुधारण्यासाठी समिती नेमली आहे. विचारणाऱ्या ताई त्या समितीवर रहिवाशांच्या प्रतिनिधी आहेत. कायद्याचं शिक्षण नाही. न्यूयॉर्कच्या रेड हुकसारखं कम्युनिटी कोर्ट, म्हणजे खटल्यांसोबत समुपदेशन आणि मदतही देणारं वस्तीतलं कोर्ट, उभारावं असा प्रस्ताव समितीपुढे आहे आणि दुकानदारांच्या संघटनेचा त्याला विरोध आहे. कोर्टाबाहेरचे पर्याय खरंच उपयोगी पडतात का, सुरुवात कुठून करायची आणि काय टाळायचं, असं ताईंनी विचारलं आहे. शिवाय तिथल्या विद्यापीठात शिकणारी, आपल्या देशातून आलेली काही मुलं दुकानातल्या चोरीत पकडली गेल्याचं त्यांच्या कानावर आलंय. त्यांचं पुढे काय होतं, हाही प्रश्न आहे.

ताई, न्यूयॉर्कच्या क्रिमिनल कोर्टात मी बरीच वर्षं आरोपींच्या बाजूने उभी राहते आहे, त्यामुळे माझी बाजू कुठली हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. माझं उत्तर असं: पर्याय उपयोगी पडतात, पण ते कोर्टाच्या जागी आले तर. कोर्ट आहे तसं ठेवून त्याच्या जोडीला आणखी एक कार्यक्रम सुरू केला, तर बहुतेक वेळा त्यात नवीनच माणसं ओढली जातात आणि जुनी तिथेच राहतात. म्हणून कम्युनिटी कोर्ट हवं की नको हा मुद्दा मी नंतर घेईन. आज तुमच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्यांपैकी किती जणांना तिथे आणण्याची मुळात गरज नव्हती, हे आधी बघा.

बातम्यांमध्ये खून आणि दरोडे दिसतात, पण संख्येने पाहिलं तर अमेरिकेची फौजदारी व्यवस्था मुख्यतः किरकोळ गुन्ह्यांचीच आहे. मेगन स्टीव्हन्सन आणि सँड्रा मेसन या अभ्यासकांनी २०१८ साली मांडलेला अंदाज वर्षाला सुमारे १ कोटी ३२ लाख मिसडिमीनर खटल्यांचा आहे. बहुतेक राज्यांत एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असे गुन्हे यात मोडतात: दुकानातली छोटी चोरी, दुसऱ्याच्या जागेत शिरणं, साधी मारहाण, अमली पदार्थ जवळ बाळगणं, निलंबित लायसन्सवर गाडी चालवणं. काही राज्यांत तर अटकेसाठी एवढंही लागत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, उदाहरणार्थ टेक्सासमध्ये सीट बेल्ट न लावणं, त्यासाठीही पोलिस बेड्या घालू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं.

या कोर्टात शिक्षा निकालाच्या दिवशी सुरू होत नाही. ती अटकेच्या रात्रीच सुरू झालेली असते. रात्र कोठडीत जाते, सकाळची पाळी बुडते, मुलांना शाळेतून आणायला कुणी नसतं. मग पहिली पेशी होते ती काही मिनिटांची. मग तारखा पडतात, आणि प्रत्येक तारखेला अर्धा दिवस बाकावर बसून राहायचं. ज्याला तासावर पगार मिळतो त्याची नोकरी तिसऱ्या-चौथ्या तारखेपर्यंत टिकत नाही. खटला शेवटी डिसमिस झाला तरी यातलं काहीच परत मिळत नाही.

जामिनाने तर निकालच फिरतो. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, तिथल्या लाखो मिसडिमीनर खटल्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत राहिलेले लोक, तशाच प्रकारच्या पण बाहेर असलेल्या आरोपींपेक्षा २५ टक्के अधिक प्रमाणात गुन्हा कबूल करत होते, आणि त्यांना कैद होण्याचं प्रमाण ४३ टक्के अधिक होतं. कारण उघड आहे. कबूल केलं तर आज घरी जाता येतं, नाही केलं तर खटला उभा राहीपर्यंत आत. अशा वेळी पुराव्यात किती दम आहे हे कोण बघत बसतो? त्या काउंटीत याच प्रश्नावर खटला झाला आणि २०१९ साली तडजोड होऊन बहुतेक मिसडिमीनर आरोपींना पैसे न भरता सोडायचं ठरलं.

वकिलाचंही असंच. कैद होणार असेल तर वकील मिळायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ठरवलं. १९७९ साली तो हक्क प्रत्यक्ष कैदेची शिक्षा होणाऱ्या खटल्यांपुरताच राहिला. त्यामुळे कितीतरी छोट्या नगर-न्यायालयांत माणूस एकटा उभा राहतो, सरकारी वकिलाशी दोन मिनिटं बोलतो, दंड मान्य करतो आणि जन्मभराचा रेकॉर्ड घेऊन बाहेर पडतो. तुमच्या शहरात हे होतं का, ते पाहून या. समितीच्या दहा बैठकांपेक्षा कोर्टाच्या मागच्या बाकावर घालवलेली एक सकाळ जास्त शिकवते.

आता सुरुवातीचं. तुमच्या शहरात मिसडिमीनर खटले चालवतं कोण? काउंटीचा डिस्ट्रिक्ट अटर्नी की शहराचा सिटी अटर्नी? अनेक ठिकाणी दोघेही, गुन्ह्यानुसार वाटून. ज्याच्या हातात खटला दाखल करण्याचा अधिकार आहे तो समितीत नसेल, तर अहवाल कपाटात जाईल. त्यानंतर गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या कलमाखाली किती खटले आले, त्यांचा शेवट काय झाला आणि माणूस आत किती दिवस होता, हे मागवा. अनेक शहरांत निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचे खटले ढिगाने निघतात, आणि लायसन्स निलंबित का, तर जुना दंड भरला नाही म्हणून. अशा माणसाला समुपदेशनाचा काही उपयोग नाही. त्याचा दंड कमी करायचा, हप्ते बांधून द्यायचे, लायसन्स परत द्यायचं, की खटल्याचं कारणच संपतं. दंड भरण्याची ऐपत आहे की नाही हे न तपासता केवळ न भरल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नाही, हा निकाल १९८३ सालचा आहे. तो किती पाळला जातो हेही तुमच्या समितीला विचारता येईल.

दंडातून नगरपालिका चालवायची सवय लागली की काय होतं, ते मिसूरीतल्या फर्ग्युसनने दाखवलं. मायकेल ब्राऊन या तरुणाच्या पोलिसाच्या गोळीने झालेल्या मृत्यूनंतर केंद्रीय न्याय विभागाने तिथे चौकशी केली. मार्च २०१५ मधल्या अहवालानुसार, सुमारे २१ हजार वस्तीच्या त्या गावाच्या कोर्टाची १६ हजारांहून अधिक लोकांवर अटक वॉरंटं होती. त्यातले काही बाहेरगावचे. गवत वाढलं, गाडी चुकीच्या जागी लावली, अशा कारणांचे दंड थकून ती निघालेली. तुमच्या शहराच्या अंदाजपत्रकात कोर्टाच्या दंडाचं उत्पन्न किती धरलेलं असतं, हा आकडा नक्की मागा. तो मोठा असेल तर सुधारणेला खरा विरोध कुठून येणार, हे आधीच कळेल.

आता दरवाजांकडे येते. माणूस रस्त्यावरून तुरुंगापर्यंत जातो त्या वाटेवर त्याला बाहेर काढण्याच्या अनेक जागा असतात, आणि जितक्या आधीच्या जागी काढाल तितकं नुकसान कमी.

सगळ्यात पहिली जागा म्हणजे फोन आला तेव्हाची. ऑरेगनमधल्या युजीन शहरात व्हाइट बर्ड क्लिनिकच्या काहूट्स या पथकाने १९८९ पासून पोलिसांऐवजी वैद्यकीय मदतनीस आणि मानसिक संकटात मदत करणारे कार्यकर्ते पाठवले. डेन्व्हरने जून २०२० मध्ये तसंच स्टार नावाचं पथक सुरू केलं. त्यावरचा २०२२ सालचा अभ्यास सांगतो की पथक फिरत होतं त्या भागांत, ज्या किरकोळ गुन्ह्यांवर त्याचा रोख होता त्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या. आणि गंभीर गुन्हे वाढले नाहीत. पण काहूट्सचं पुढे काय झालं तेही समितीला सांगा. पैशांची ओढाताण होऊन २०२५ च्या वसंतात युजीनमधली ती सेवा थांबली, इतक्या वर्षांच्या कामानंतर. वर्षागणिक करारावर चालणारं काम किती लवकर मोडतं, हे त्यातून दिसतं.

दुसरी जागा पोलिस समोर आहेत पण तुरुंगात नेलेलं नाही, तेव्हाची. सिॲटलच्या बेलटाऊन भागात ऑक्टोबर २०११ मध्ये लीड हा कार्यक्रम सुरू झाला. अमली पदार्थ किंवा देहविक्रीच्या किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात न नेता पोलिस थेट एका कार्यकर्त्याच्या हाती सोपवतात. तो कार्यकर्ता घर, औषधोपचार, ओळखपत्र, जे लागेल ते बघतो, आणि नशा आधी सोडलीच पाहिजे अशी अट घालत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांच्या मूल्यमापनात, तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा लीडमधल्या लोकांना पुन्हा अटक होण्याची संभाव्यता ५८ टक्क्यांनी कमी निघाली. रस्त्यावर राहणाऱ्या, पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्या माणसासाठी मला माहीत असलेल्या पर्यायांत हाच सर्वात टिकाऊ वाटतो, कारण तो त्या माणसाला सोडून देत नाही.

तिसरी जागा खटला दाखल होण्याआधीची. उत्तर कॅरोलिनातल्या डरॅम काउंटीने २०१४ साली १६ आणि १७ वर्षांच्या मुलांसाठी असा कार्यक्रम काढला, कारण त्या राज्यात तेव्हा त्या वयाच्या मुलांवर प्रौढांसारखे खटले चालत. नंतर तो थोड्या मोठ्या तरुणांपर्यंत नेला. न्यूयॉर्कचं प्रोजेक्ट रीसेट याच जागेवर आहे. पहिल्या पेशीआधी माणसाने काही तासांचं एक सत्र पूर्ण करायचं. ब्रुकलिनमध्ये तर संग्रहालयातलं कलेचं सत्रसुद्धा चालतं. सत्र झालं की डिस्ट्रिक्ट अटर्नी खटला दाखल करत नाही आणि माणूस कोर्टाची पायरी चढतच नाही. चित्रं बघून चोर कसा सुधारेल, असं लोक मला विचारतात. मुद्दा चित्रांचा नाही. पहिल्यांदा चुकलेल्या बहुतेकांना सुधारण्यासाठी फार काही करावं लागत नाही, आणि आपण जे फार काही करतो त्यानेच ते बिघडतात.

ही माझी भावना नाही. बॉस्टन ज्या सफक काउंटीत आहे तिथल्या २००४ ते २०१८ च्या खटल्यांचा अमँडा एगन, जेनिफर डोलिअक आणि ॲना हार्वी यांनी अभ्यास केला. काही सरकारी वकील किरकोळ, हिंसा नसलेले खटले सहज सोडून देत, काही तेच खटले पुढे रेटत, आणि आरोपीच्या वाट्याला कोण येईल हा जवळजवळ योगायोग. त्यामुळे तुलना भक्कम झाली. ज्यांचा खटला सोडायचा की रेटायचा हे अगदी काठावर होतं, त्यांचा खटला सोडून दिला तर पुढच्या दोन वर्षांत नवी फौजदारी तक्रार येण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी घटली. सर्वात मोठा फरक पहिल्यांदाच आलेल्यांमध्ये दिसला. लक्षात घ्या, त्यांना कुठलाही कार्यक्रम दिलेला नव्हता. नुसतं सोडून दिलं होतं. तुमच्या समितीच्या पर्यायांच्या यादीत ‘काहीच न करणं’ हाही एक पर्याय पूर्ण गांभीर्याने लिहा.

आणि इथेच मी ज्या धोक्याबद्दल वर बोलले तो येतो. समजा, तुमच्याकडे आज उद्यानात बिअर पिणाऱ्याला पोलिस समज देऊन सोडतात. उद्या चार आठवड्यांचा छान कार्यक्रम निघाला. आता त्या पोलिसाला वाटतं, याला तिकडे पाठवू, त्याचं भलं होईल. तो माणूस दोन सत्रं बुडवतो, कार्यक्रमात नापास होतो, खटला उभा राहतो, तारीख चुकते, वॉरंट निघतं. ज्याला काल काहीच झालं नसतं तो आज कोठडीत. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. म्हणून प्रत्येक पर्यायाला विचारा: हा नसता तर या माणसाचं काय झालं असतं? उत्तर ‘समज देऊन सोडला असता’ असं असेल तर तो पर्याय त्याच्यासाठी नाही.

त्याच हिशेबाने, कार्यक्रम मूळ शिक्षेपेक्षा जड असता कामा नये. ज्या गुन्ह्यात कोर्ट एका दिवसाची समाजसेवा देऊन मोकळं करतं, तिथे सहा महिन्यांची देखरेख म्हणजे मदत नव्हे. कार्यक्रम पूर्ण झाला नाही तर माणूस जिथे होता तिथेच परत यावा, त्याहून वाईट जागी नाही. सत्रात तो जे बोलला ते त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये, आणि हे लेखी हवं. शुल्क तर अजिबात नको. ॲरिझोनातल्या मारिकोपा काउंटीत गांजाच्या खटल्यांतल्या डायव्हर्जनसाठी, म्हणजे खटल्याऐवजी कार्यक्रमात जाण्यासाठी, जवळपास १००० डॉलर लागत. ज्यांच्याजवळ ते नव्हते त्यांची देखरेख महिनोन्‌महिने लांबत गेली. त्यावर २०१८ साली खटला भरला गेला. पैसेवाल्याला लवकर सुटका आणि गरिबाला लांबची, ही तर जामिनाचीच गोष्ट दुसऱ्या नावाने झाली.

पात्रतेच्या अटीही तपासा. ‘पूर्वीचा रेकॉर्ड नसावा’ ही अट ऐकायला वाजवी वाटते. पण ज्या वस्त्यांत वर्षानुवर्षं जास्त पोलिस फिरले तिथे जवळजवळ प्रत्येकाचा काहीतरी रेकॉर्ड असतो. ती अट घातली की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्या गळतात आणि फायदा विद्यापीठाच्या परिसराला मिळतो. अट ठेवायचीच तर तिला मुदत घाला, आणि दर तिमाहीला वंश आणि वस्तीनुसार कोण आत आलं, कोण वगळलं गेलं, हे प्रसिद्ध करायला लावा.

आता रेड हुक. ब्रुकलिनच्या एका टोकाला, पूर्वी शाळा असलेल्या इमारतीत हे केंद्र २००० साली उघडलं. त्याआधी १९९३ साली टाइम्स स्क्वेअरजवळ मिडटाऊन कम्युनिटी कोर्ट सुरू झालं होतं. रेड हुकमध्ये फौजदारी, कौटुंबिक आणि घरभाड्याचे खटले एकाच न्यायाधीशासमोर चालतात, आणि त्याच इमारतीत समुपदेशन, नोकरीचं मार्गदर्शन, घराच्या तक्रारींसाठी मदत मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्सच्या मूल्यमापनात, नेहमीच्या कोर्टात गेलेल्यांच्या तुलनेत तिथले प्रौढ आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण १० टक्के कमी आढळलं. संशोधकांनी त्याचं श्रेय शिक्षेच्या धाकापेक्षा, लोकांना तिथली वागणूक न्याय्य वाटण्याला दिलं. न्यायाधीश आरोपीकडे बघून बोलतो, का आणि काय ठरवलं ते समजावतो, त्याचं म्हणणं ऐकतो. माझ्या अशिलांच्या तोंडून मी हेच ऐकलंय: निकाल विरुद्ध गेला तरी ‘माझं ऐकलं’ असं म्हणणारा माणूस पुढची तारीख चुकवत नाही.

तरीही तुमच्या शहरासाठी मी कम्युनिटी कोर्टापासून सुरुवात करणार नाही. ते महाग आहे, एका चांगल्या न्यायाधीशावर फार अवलंबून असतं, आणि शेवटी ते कोर्टच. तिथे पोचेपर्यंत अटक होऊन गेलेली असते. आधीचे दरवाजे उघडल्यावर जे खटले उरतील, ज्यांत माणसाला न्यायाधीशासमोर यावंच लागणार आहे, त्यांच्यासाठी ते उत्तम. शिवाय ते एका पदाधिकाऱ्याच्या सहीवर उभं असेल तर पडतंही तितक्याच सहज. सिॲटलमध्ये २०२० साली नव्याने सुरू झालेल्या कम्युनिटी कोर्टातून २०२३ साली सिटी अटर्नीने अंग काढून घेतलं आणि ते बंद पडलं. म्हणून जे काही ठरेल ते शहराच्या अध्यादेशात आणि अंदाजपत्रकात जावं, नुसत्या सामंजस्य करारात नको.

न्यूयॉर्कने केलेली दोन कामं मात्र कुठलंही शहर उचलू शकेल. २०१६ साली इथल्या कौन्सिलने कायदा करून रस्त्यावर दारू पिणं, कचरा टाकणं, उघड्यावर लघवी करणं अशा बाबतींत फौजदारी समन्सऐवजी दिवाणी तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, देण्याची वाट उघडली. ते तिकीट प्रशासकीय न्यायाधिकरणात जातं, दंडाऐवजी समाजसेवा निवडता येते, आणि तारीख चुकली तरी अटक वॉरंट निघत नाही. जून २०१७ पासून ते लागू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराच्या पाच विभागांपैकी (बरोंपैकी) चारांच्या डिस्ट्रिक्ट अटर्नींनी दहा वर्षांहून जुनी समन्सची वॉरंटं एकत्र रद्द करून घेतली. ती होती सुमारे ६ लाख ४४ हजार. कुठल्यातरी जुन्या तिकिटापायी इतके लोक पोलिस दिसला की रस्ता बदलत होते, गुन्ह्याचे साक्षीदार असूनही पुढे येत नव्हते. तुमच्या शहराच्या जुन्या वॉरंटांचा ढीग किती आहे?

त्याहून सोपं काम तारखेची आठवण देण्याचं. न्यूयॉर्कमध्येच समन्सचा कागद नव्याने आखला, तारीख आणि जागा ठळक वर आणली, तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. तारखेआधी मोबाइलवर संदेश पाठवले तर २१ टक्क्यांनी. लोक पळून जात नव्हते, विसरत होते. याला ना नवा कायदा लागतो, ना नवी इमारत. समितीचं पहिलं यश म्हणून हेच करून घ्या.

दुकानदारांचा विरोध झटकून टाकू नका. रोज माल जातो, पोलिस उशिरा येतात, कर्मचारी घाबरतात. त्यांचा राग खरा आहे. पण आजच्या व्यवस्थेत त्यांना काय मिळतं, हेही त्यांच्याशी बोला. खटला चालतो, पैसे सहसा परत येत नाहीत, त्यांचा माणूस साक्षीसाठी दिवस घालवतो आणि निकाल काय लागला हे त्यांना कुणी कळवतही नाही. पहिल्यांदा पकडला गेलेला विद्यार्थी, डायपर उचलणारी आई, नशेच्या पैशांसाठी रोज चोरणारा आणि माल विकायला संघटितपणे चोरणारी टोळी, या चौघांना एकच उत्तर असू शकत नाही. पहिल्या दोघांना कोर्टाआधीच सोडवा, तिसऱ्यासाठी लीडसारखी दीर्घ साथ हवी, आणि टोळीसाठी सरकारी वकिलाचा वाचलेला वेळ वापरा. सॅन फ्रान्सिस्कोत शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या मंडळासमोर अशी प्रकरणं खटल्याऐवजी ठेवण्याची पद्धत डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या कार्यालयाने चालवली. नुकसान कसं भरून द्यायचं ते तिथे समोरासमोर ठरतं. तुमच्या दुकानदारांना अशा मंडळावर जागा द्या. कोर्टात त्यांना असं कुणी कधी विचारलेलं नसतं.

दोन प्रकार मात्र मी या वाटेवर आणणार नाही. घरातल्या हिंसेची प्रकरणं शेजाऱ्यांच्या मंडळासमोर बसवू नयेत. तिथे एक माणूस दुसऱ्याच्या भीतीत असतो आणि तडजोडीचा अर्थ बदलतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचे खटलेही कोर्टाच्या देखरेखीखाली राहू द्यावेत, उपचारांसह.

ऑरेगनचं उदाहरण विरोधक नक्की काढतील, तेव्हा तयार राहा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने अमली पदार्थ जवळ बाळगण्याला १०० डॉलरचं तिकीट ठेवलं. हेल्पलाइनवर फोन केला की तेही माफ. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिक्षा गेली, पण उपचार केंद्रांचे पैसे पोचायला खूप उशीर झाला आणि हेल्पलाइनवर फोन करणारे अगदी थोडे निघाले. सप्टेंबर २०२४ पासून अमली पदार्थ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. यातून मी शिकले ते एवढं, की हातात कागद देऊन माणूस उपचारांपर्यंत जात नाही. जुनी वाट बंद करण्याआधी नवीन वाटेवर माणसं उभी हवीत, ज्यांचा फोन रात्री दहालाही लागतो.

आता आपल्या मुलांचं. हा भाग तुमच्या समितीतल्या कुणाच्या डोक्यात नसेल, म्हणून तो तुम्हीच मांडायला हवा. नागरिक नसलेल्यासाठी किरकोळ चोरी किरकोळ राहत नाही. इमिग्रेशन कायदा चोरीला सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानतो. देशात प्रवेश दिल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त कैद होऊ शकत असेल, तर दोषी ठरल्यावर हद्दपारीचं कारण तयार होतं, प्रत्यक्षात एक दिवसही कैद झाली नसली तरी. म्हणूनच न्यूयॉर्कने २०१९ साली मिसडिमीनरची कमाल शिक्षा एक वर्षावरून ३६४ दिवसांवर आणली. एका दिवसाने कितीतरी कुटुंबं वाचली. तुमच्या राज्यात तसं आहे का, ते पाहा.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. अनेक शहरांत डायव्हर्जन आधी गुन्हा कबूल करून घेऊन देतात आणि कार्यक्रम संपल्यावर खटला डिसमिस करतात. राज्याच्या दृष्टीने पाटी कोरी होते. इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने नाही. कबुली किंवा गुन्ह्याची तथ्यं मान्य करणं, आणि सोबत कुठलंही बंधन किंवा शिक्षा, एवढं असलं की ते दोषी ठरणंच धरतात, राज्याने नंतर ते पुसलं तरी. चांगल्या हेतूने दिलेला पर्याय घेऊन मूल घरी येतं, सगळं संपलं असं समजतं, आणि वर्षांनी ग्रीन कार्डच्या अर्जात तो कागद वर येतो. त्यामुळे तुमच्या शहराचा कार्यक्रम कबुलीच्या आधीचा असला पाहिजे आणि त्यात ‘मी चोरी केली’ असं कुठेही लिहून घेऊ नये. शक्य तिथे बोटांचे ठसे घेण्याच्याही आधीचा, कारण ठसे केंद्रीय यंत्रणेकडे जातात आणि नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

तुमच्या ओळखीत कुणी पकडलं गेलं, तर दुकानाच्या सुरक्षारक्षकाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी त्याने वकिलाशी बोलावं. आपण नागरिक नाही हे स्वतःच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावं, पोलिसांना किंवा सरकारी वकिलाला मात्र नाही. कबुलीचा हद्दपारीवर काय परिणाम होईल हे वकिलाने सांगणं २०१० पासून बंधनकारक आहे, पण न विचारता सगळे सांगतात असं नाही. खटला डिसमिस झाला तरी कोर्टाची शिक्का असलेली प्रत घेऊन जपून ठेवावी. व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतात, आणि ‘नाही’ असं लिहिणं हे त्या चोरीपेक्षा मोठं संकट ठरू शकतं. रेकॉर्ड सील, म्हणजे लोकांच्या नजरेआड, झाला असला तरी उत्तर खरंच द्यायचं, वकिलाला दाखवून.

तुमच्या राज्यात रेकॉर्ड आपोआप सील करणारा कायदा आहे का, हेही समितीने बघावं. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली पहिल्यांदा तो केला. न्यूयॉर्कचा नोव्हेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यात मिसडिमीनरसाठी तीन वर्षांची मुदत आहे. नसेल तर समितीने राज्याकडे शिफारस करावी आणि तोवर शहराने अर्ज भरून देणारी मोफत वकिलांची शिबिरं घ्यावीत.

पहिल्या बैठकीला जाण्याआधी पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपींसाठी नेमलेल्या सरकारी खर्चाच्या वकिलांच्या, कार्यालयात फोन करून मिसडिमीनर बघणाऱ्या एखाद्या तरुण वकिलाबरोबर तासभर बसा. आणि ज्यांनी स्वतः हे कोर्ट भोगलंय अशा निदान दोघांना समितीवर घ्यायची मागणी करा, त्यांच्या बुडालेल्या मजुरीच्या मानधनासह. कलमवार आकडे हाती आले की ते मला दाखवा, कुठला दरवाजा आधी उघडायचा ते आपण त्यावरून बघू.